धुक्यात काळवंडलेला धीवर: बिघडलेला पक्षीफोटो पायरीपायरीने कसा सुधारावा

डिसेंबरातली सकाळ, सांगलीजवळचं हरिपूर. वारणा जिथे कृष्णेला मिळते तिथे काठावर उभा होतो. पाण्यावर दाट धुकं, पलीकडच्या काठावरची झाडं जेमतेम दिसत होती. तेवढ्यात एक कवड्या धीवर (काळा-पांढरा खंड्या, इंग्रजीत पाइड किंगफिशर) आला आणि नदीवर एका जागी पंख फडफडवत थांबला. चोच खाली, शेपूट पसरलेली, डोकं मात्र जागच्या जागी खिळलेलं. मी बटण दाबून धरलं. धीवराने सूर मारला, मासा घेऊन उडाला, आणि माझ्या कार्डावर तेवीस फ्रेम राहिल्या.

घरी येऊन उघडल्या तर मन खट्टू झालं. पक्षी काळाठिक्कर, पांढरे भाग निळसर राखाडी. पलीकडचा काठ डावीकडे कललेला. चोचीच्या कडेला जांभळी रेघ. काळ्या पंखांत लाल-हिरवे ठिपके. आणि एवढ्या मोठ्या चौकटीत पक्षी लिंबाएवढा. कृष्णेच्या या पट्ट्यात मगरी आहेत, त्यामुळे पाण्याच्या कडेला पोटावर झोपून फोटो काढण्याचा विचारही करू नका. वर काठावरून, लांबूनच काढायचा. म्हणून पक्षी लहान येणं ठरलेलंच.

पण हा फोटो मी टाकून दिला नाही. त्यातले बहुतेक दोष सुधारता येण्यासारखे होते. ते कोणत्या क्रमाने सुधारले, कुठे हात आखडता घेतला आणि कुठे चुकलो, ते सगळं इथे लिहितो. फोटो सुधारायला मी लाइटरूम हे सॉफ्टवेअर वापरतो. फुकटातलं हवं असेल तर डार्कटेबल उत्तम आहे. नावं थोडी वेगळी असली तरी विचार तोच.

आधी बघा, फोटो वाचण्यासारखा आहे का

एडिटिंगला बसण्याआधी दहा मिनिटं नुसतं बघण्यात घालवा. सगळ्या फ्रेम १०० टक्के झूमवर उघडा आणि फक्त डोळा बघा. पंख, पाणी, उजेड नंतर. डोळ्याभोवतीची पिसं सुटी सुटी दिसतात का? चोचीची कड धारदार आहे का? माझ्या तेवीसपैकी चारच फ्रेम या कसोटीला उतरल्या. त्यातल्या एका फ्रेममध्ये पंख वर होते आणि पोट पूर्ण दिसत होतं. तीच घेतली.

दोन दोष कुठल्याही सॉफ्टवेअरने नीट जात नाहीत. पहिला, फोकस डोळ्याऐवजी मागच्या झाडीवर गेलेला असणं. दुसरा, पांढरा रंग पूर्ण जळालेला असणं. सेन्सरवर तिथे पिसांची नोंदच झालेली नसते, त्यामुळे स्लायडर कितीही ओढला तरी सपाट राखाडी डाग मिळतो. तिसराही एक आहे, लोक त्याचा विचार करत नाहीत. खटाव तालुक्यात येरळवाडीच्या तलावावर रोहित पक्षी (फ्लेमिंगो) बघायला गेलात आणि ऊन चढल्यावर लांबून फोटो काढलेत, तर तापलेल्या हवेच्या थरांमुळे पक्षी पाण्याखालून पाहिल्यासारखा लहरी येतो. लेन्स कितीही महागडी असो, तो फोटो शार्प होत नाही. असा फोटो नोंद म्हणून ठेवा, त्याच्यावर रात्र घालवू नका.

काळवंडणं मात्र सुधारतं, कारण ते का झालं हे आपल्याला ठाऊक असतं. कॅमेऱ्याचं मीटर समोरचं सगळं दृश्य सरासरी राखाडी धरून चालतं. चौकटभर पांढरं धुकं आलं की ते धुक्यालाच राखाडी करायला बघतं आणि उजेड कमी घेतं. मग धुक्यासमोरचा पक्षी आणखी खाली बुडतो. माझी सेटिंग होती ६०० मिमी, एफ/६.३, १/१००० सेकंद, आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) ३२००. फोटो साधारण सव्वा ते दीड स्टॉपने कमी उजळला होता (एक स्टॉप कमी म्हणजे उजेड निम्मा). म्हणजे तो वर ओढल्यावर नॉइजच्या (फोटोतल्या रवाळ ठिपक्यांच्या) हिशोबात ८००० आयएसओच्या फोटोसारखा वागणार, ही खूणगाठ सुरुवातीलाच बांधली.

रॉ फाइल, म्हणजे सेन्सरची मूळ कच्ची नोंद, असेल तर निम्मी लढाई जिंकलीत. १४ बिटच्या रॉ फाइलमध्ये प्रत्येक रंगाच्या १६,३८४ पायऱ्या असतात, जेपेगमध्ये २५६. जेपेगमधलं धुकं उजळायला गेलात तर त्यात पट्टे उमटतात, रांगोळीचे थर दिसावेत तसे. जेपेगच असेल तर खाली सांगितलेल्या प्रत्येक आकड्याच्या निम्म्यावर थांबा. आणि मूळ फाइलची प्रत दुसरीकडे ठेवल्याशिवाय काहीही सुरू करू नका.

पडदा आणि खोली

ही पायरी कंटाळवाणी वाटते म्हणून मी पूर्वी सोडून द्यायचो. मग एकदा रात्री, दिवे मालवून, लॅपटॉपचा उजेड पूर्ण वाढवून फोटो तयार केला आणि छापायला दिला. प्रिंट इतकी काळी आली की धीवराचा डोळा दिसेना. छापणाऱ्याची चूक नव्हती. झगझगीत पडद्यावर मला फोटो उजळ दिसत होता, म्हणून मी तो पुरेसा उजळलाच नव्हता.

तेव्हापासून एक साधी रीत पाळतो. पडद्याशेजारी कोरा पांढरा कागद धरतो, खोलीत नेहमीचा दिवा असतो, आणि पडद्यावरचं कोरं पान त्या कागदाएवढंच उजळ दिसेपर्यंत पडद्याचा उजेड कमी करतो. बहुतेक लॅपटॉपवर तो निम्म्याच्या आसपास येतो. रात्री पडदा पिवळसर करणारी सोय बंद करा, नाहीतर सगळे फोटो निळे करून बसाल.

लेन्सचे दोष आणि नॉइज

सगळ्यात आधी लेन्स करेक्शन चालू करा. चौकटीचे कोपरे उजळतात, कडांचा बाक जातो. मग रंगीत किनारीसाठी क्रोमॅटिक ॲबरेशनच्या चौकोनावर टिचकी मारा. चोचीवरची जांभळी रेघ तरीही उरली तर डीफ्रिंजमधलं ड्रॉपर (रंग टिपणारं साधन) घेऊन थेट त्या रेघेवर टेकवा. पक्षी जांभळा किंवा हिरवा असेल, जांभळा सूर्यपक्षी किंवा वेडा राघू, तर हे जपून करा. तिथे किनारीबरोबर पिसांचा खरा रंगही उडतो.

नॉइज दोन प्रकारचा असतो आणि दोन्हींना वेगळी वागणूक द्यावी लागते. रंगाचा नॉइज म्हणजे काळ्या पंखांतले ते लाल-हिरवे ठिपके. तो बिनधास्त काढा, त्याने पिसांचं काही बिघडत नाही. मी कलर ३५ वर नेलं. उजेडाचा नॉइज म्हणजे रवाळपणा. तो काढताना पिसांचे बारीक तंतूही सोबत जातात. म्हणून पूर्ण फोटोवर ल्युमिनन्स २५च ठेवलं आणि मागच्या धुक्यावर वेगळा मास्क (फक्त तेवढाच भाग बदलावा म्हणून केलेली निवड) लावून तिथे भरपूर वाढवलं. धुक्यात तपशील नाहीच, मग गुळगुळीत झालं तर कुणाचं काय बिघडतं? पक्ष्यावर थोडा रवा राहू द्या. छापल्यावर तो दिसतही नाही.

डार्कटेबलमध्ये ‘डिनॉइज (प्रोफाइल्ड)’ नावाचं मॉड्यूल आहे. तुमच्या कॅमेऱ्याचं मॉडेल आणि आयएसओ बघून ते स्वतःच किती काढायचं ते ठरवतं. सुरुवात तिथून करा आणि जास्त वाटलं तर कमी करा. हल्ली एआयवर चालणारं डिनॉइज सगळीकडे आलंय आणि ते खरोखर चांगलं काम करतं, पण पूर्ण ताकदीवर लावू नका. जिथे माहिती नसते तिथे ते पिसं अंदाजाने रचतं. छातीवर पिसांऐवजी मांजराच्या केसांसारखी रचना दिसू लागली की समजा, तुम्ही पुढे गेलात.

एक गोष्ट लक्षात असू द्या. लाइटरूम किंवा डार्कटेबल तुमचे बदल आपल्या ठरलेल्या क्रमानेच लावतात, तुम्ही स्लायडर कुठल्याही क्रमाने हलवा. तरीही नॉइज आधी बघावा, कारण पुढचे सगळे निर्णय डोळ्यांनी घ्यायचे असतात आणि ठिपक्यांनी भरलेल्या फोटोवर डोळा फसतो. गिम्प या सॉफ्टवेअरमध्ये मात्र क्रमाला खरंच महत्त्व आहे. तिथे आधी शार्प करून मग नॉइज काढलात तर ठिपकेसुद्धा शार्प होऊन बसतात.

रंग, आणि पांढऱ्याचा खरा रंग

कॅमेऱ्याचं ऑटो व्हाइट बॅलन्स (पांढरा पांढराच दिसावा म्हणून होणारी रंगजुळणी) धुक्यात बहुतेक वेळा निळ्याकडे झुकतं. पक्ष्याच्या अंगावरचा पांढरा भाग ड्रॉपरने टिपावा, हे तुम्ही कुठेही ऐकाल. पण कुठला पांढरा? धीवराच्या पोटावर खालच्या पाण्याचा रंग पडलेला असतो. ते टिपलंत तर फोटो उगाच पिवळा होतो. मी भुवईचा पांढरा पट्टा घेतला, कारण त्यावर फक्त आकाशाचा उजेड होता. मिळालेल्या आकड्यावरून किंचित मागे आलो, ५४५० केल्व्हिनच्या आसपास. थंडीतल्या सकाळचं धुकं थोडं निळं असतंच. ते दुधासारखं पांढरं केलं की सकाळ निघून जाते, आणि फोटो दुपारी खोलीत काढल्यासारखा वाटू लागतो.

उजेड: इथे सगळ्यात जास्त वेळ द्या

हिस्टोग्राम उघडा, म्हणजे डावीकडे गडद आणि उजवीकडे उजळ भाग किती ते दाखवणारा आलेख. माझ्या फोटोत धुक्याचा मोठा डोंगर मधोमध होता आणि उजवीकडे बरीच मोकळी जागा. म्हणजे वर जायला वाव होता. पूर्ण फोटोचं एक्स्पोजर ०.९ ने वाढवलं. धुकं धुक्यासारखं उजळ झालं, जळालं कुठेच नाही. मग हायलाइट (उजळ भाग) उणे ३५, म्हणजे धुक्यातल्या विरळ-दाट छटा शाबूत राहाव्यात.

इथे सगळ्यांचा हात डीहेझकडे, म्हणजे धूसरपणा कापणाऱ्या स्लायडरकडे, जातो. फोटो धूसर आहे, मग डीहेझ ओढा! मीही ओढलं होतं. पलीकडची झाडं काळी होऊन पुढे आली, आकाश गढूळ निळं झालं, पक्ष्याभोवती उजळ वलय उमटलं आणि काढलेला नॉइज परत वर आला. शिवाय ती सकाळच फोटोतून गेली. धूसरपणा लेन्सवरच्या वाफेमुळे किंवा दूरच्या धुरामुळे असेल तर पाच-दहा ओढा, पण धुकं हाच जर प्रसंग असेल तर त्याला हात लावू नका.

एवढं करूनही पक्षी अंधारातच होता. उजेड त्याच्या मागून येत होता ना. त्यासाठी पक्ष्याचा मास्क लागतो. ‘सिलेक्ट सबजेक्ट’ने मास्क झटक्यात तयार होतो, पण तो जसाच्या तसा घेऊ नका. मास्क कुठवर आहे ते दाखवणारं लाल आवरण चालू करा आणि कडेकडेने फिरा. माझ्या मास्कमधून दोन जागा सुटल्या होत्या: चोचीचं टोक आणि वर गेलेल्या पंखाची शेवटची पिसं. तसंच उजळलं असतं तर चोच दुरंगी दिसली असती. लहान, मऊ ब्रशने दोन्ही जागा भरल्या. शेंडीच्या पिसांमध्ये मास्क धुक्यावर सांडला होता, तो पुसला. या कामाला मला वीस मिनिटं लागली आणि ती वाया गेली असं वाटत नाही. फोटो ‘एडिट केलेला’ दिसतो तो बहुतेक वेळा याच कडांमुळे.

मास्कवर एक्स्पोजर अर्धा स्टॉप, शॅडो (गडद भाग) २० दिले. मग थांबून काळ्याकडे पाहिलं. कवड्या धीवर काळा-पांढरा पक्षी आहे, त्यामुळे त्याच्यावर काम करताना दोन्ही टोकं सांभाळावी लागतात. शॅडो जास्त उचलले की काळा पंख राखाडी होतो, आणि राखाडी धीवर कृष्णेवर कुणी पाहिलेला नाही. म्हणून त्याच मास्कवर ब्लॅक्स उणे ८ केले. पांढऱ्यासाठी व्हाइट्सचा स्लायडर ऑल्ट दाबून हलवा. पडदा काळा होतो आणि जे ठिपके उजळतील ते जळायला लागलेत. छातीवर पहिला ठिपका दिसताच मागे या.

डोळा

धीवराचा डोळा गडद, आणि तो ज्या पट्ट्यात असतो तो पट्टाही काळा. वाईट उजेडात डोळा आणि पट्टा एकजीव होतात आणि पक्षी आंधळा वाटतो. २०० टक्के झूम केलं तेव्हा बुबुळावर आकाशाचा एक फिकट ठिपका सापडला, जेमतेम तीन-चार पिक्सेलचा. फोटोतला जीव तेवढ्यातच होता.

डोळ्याएवढा गोल मास्क काढला, कडा पूर्ण मऊ. एक्स्पोजर ०.४, शॅडो २५. बस. पट्ट्यापासून डोळा सुटा झाला, ठिपका चमकला. ठिपका नसेल तर ब्रशने पांढरा टिंब लावू नका. तो बघणाऱ्याला लगेच खटकतो, कारण उजेडाची दिशा चुकते. आणि त्या क्षणी पक्ष्याने आपल्याला जे दिलं नाही ते आपण त्याच्या नावावर टाकलेलं असतं. ते मला पटत नाही.

पुसण्याआधी पक्षी ओळखा

ही माझी मोठी चूक. पहिल्यांदा फोटो तयार केला तेव्हा छातीच्या काळ्या पट्ट्याखाली एक बारीक, मळकट रेघ दिसत होती. नॉइज काढल्याने ती आणखी फिकी झाली होती. मला वाटलं सावली किंवा चिखल असेल. हीलिंग ब्रशने (डाग आजूबाजूच्या भागाने झाकणाऱ्या साधनाने) पुसली, छाती स्वच्छ पांढरी झाली. फोटो मिरजेच्या एका जुन्या पक्षीनिरीक्षक काकांना पाठवला. त्यांचा फोन आला, “अरे, मादी मिळाली वाटतं? पण पट्टा तर अख्खा दिसतोय.”

कवड्या धीवराच्या नराच्या छातीवर दोन पट्टे असतात, वरचा रुंद आणि खालचा बारीक. मादीला एकच, आणि तोही बहुधा मध्ये तुटलेला. मी ज्याला मळ समजून पुसलं तो नराचा दुसरा पट्टा होता. काकांना मूळ फाइल दाखवली, फोटो नव्याने केला. तेव्हापासून पक्ष्याच्या अंगावर ब्रश नेण्याआधी पक्ष्यांच्या पुस्तकात नर, मादी आणि पिल्लाचं चित्र उघडून बघतो. ई-बर्डसारख्या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर नोंदीसोबत फोटो देत असाल तर हे फार महत्त्वाचं आहे. तिथे तुमचा फोटो पुरावा असतो.

पार्श्वभूमीचं काय? सेन्सरवरच्या धुळीचे धुरकट ठिपके धुक्यात उठून दिसतात, ते खुशाल काढा. वाइल्डलाइफ फोटोग्राफर ऑफ द इयरसारखी काटेकोर स्पर्धाही धूळ काढू देते. दृश्यात वस्तू घालणं किंवा काढणं मात्र तिथे चालत नाही आणि अंतिम फेरीत मूळ रॉ फाइल मागतात. माझ्या फ्रेमच्या खालच्या कोपऱ्यात प्लास्टिकची बाटली तरंगत होती. ती पुसायची गरजच पडली नाही, क्रॉपमध्ये (कडा कापताना) गेली. पक्ष्याच्या अंगावरून आडवी गेलेली काडी किंवा विजेची तार मी काढत नाही.

क्रॉप

आधी फोटो सरळ करा. नदीवर सोपं असतं, पलीकडच्या काठाची पाण्याला टेकलेली रेषा आडवी आली की झालं. मात्र तो काठ तिरपा दूर जाणारा असेल तर ती रेषा फसवते. तेव्हा झाडांचे बुंधे किंवा पाण्यातलं प्रतिबिंब बघा, प्रतिबिंब वस्तूच्या बरोबर खाली पडतं.

मग किती कापायचं? माझी मूळ चौकट ६००० × ४००० पिक्सेल. पक्षी मोठा दिसावा म्हणून आधी १५०० पिक्सेलपर्यंत कापलं होतं. पक्षी मोठा झाला, पण नॉइज आणि मऊपणाही त्याच्याबरोबर मोठे झाले. शेवटी २७०० × १८०० वर थांबलो. ३०० पीपीआयने (इंचाला ३०० पिक्सेल) त्याची ९ × ६ इंचांची प्रिंट निघते, घरात लावायला पुरेशी. धीवर खाली पाण्याकडे बघत होता म्हणून खाली जास्त जागा ठेवली, वर कमी. तो कुठे बघतोय तिकडे मोकळीक हवी, नाहीतर चौकट त्याच्या चोचीला आडवी येते.

शार्पनिंग सगळ्यात शेवटी

अमाउंट ५५, रेडियस ०.९, आणि खरं काम मास्किंगचं. ऑल्ट दाबून मास्किंग ओढत जा. जे पांढरं दिसेल तेवढंच शार्प होणार. पिसांच्या कडा, चोच, डोळा पांढरे आणि धुकं पूर्ण काळं होईपर्यंत ओढा. माझं ७० वर जमलं. पंखांची टोकं हलल्यामुळे अस्पष्ट आली होती, ती तशीच ठेवली. एका जागी फडफडणाऱ्या पक्ष्याचे पंख थोडे हललेलेच छान वाटतात. क्लॅरिटी पक्ष्यावर वापरू नका, कडांना काळी-पांढरी किनार येते. त्याऐवजी टेक्स्चर १० ते १५, तेही फक्त पक्ष्याच्या मास्कवर.

लॅपटॉप नसेल तर मोबाइलवर स्नॅपसीडमध्येही बरंच होतं. ट्यून इमेजमध्ये उजेड, मग सिलेक्टिव्हचा ठिपका पक्ष्यावर ठेवून दोन बोटांनी त्याचा घेर लहान करा आणि तेवढाच भाग उजळा. डिटेल्समधलं स्ट्रक्चर दहाच्या वर नेऊ नका.

इथवर आल्यावर फाइल बंद करा आणि दुसऱ्या दिवशी सकाळी उघडा. रात्री योग्य वाटलेला रंग सकाळी भडक दिसतो, माझ्या बाबतीत जवळजवळ दरवेळी. धीवराच्या फोटोत दुसऱ्या दिवशी मास्कवरचं एक्स्पोजर ०.५ वरून ०.४ केलं आणि धुक्याचा निळा किंचित परत आणला.

पाठवण्यासाठी रंगांची पद्धत एसआरजीबी, लांब बाजू २०४८ पिक्सेल, जेपेग दर्जा ८५. व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवाल तर तो दाबून बारीक केला जातो, त्यामुळे डॉक्युमेंट म्हणून पाठवा. छापायला देताना मात्र पूर्ण मापाची फाइल द्या, आणि दुकानात आवर्जून सांगा की मशीनचं ऑटो करेक्शन बंद ठेवा. नाहीतर मशीनलाही धुकं हा दोषच वाटतो आणि ते सगळं पुन्हा राखाडी करून देतं. आधी ४ × ६ ची एकच प्रिंट काढून ती खिडकीपाशी दिवसाच्या उजेडात धरून बघा. डोळ्यातला ठिपका आणि छातीवरचा दुसरा पट्टा दोन्ही दिसले, की मोठी काढा.